शिडाची बोट आणि मुका प्रवासी

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ‘शिडांचे शहर’ म्हणतात. शहराच्या दारातच हौराकी आखात पसरले आहे. त्यात पन्नासाहून अधिक बेटे आहेत आणि २००० साली खास कायदा करून या सगळ्या जलपट्ट्याला सागरी उद्यानाचा दर्जा देण्यात आला. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. त्या दिवसांत सुट्टी आली की सकाळी शिडाच्या बोटी निघतात, एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात आणि दिवस कलताना परततात. घरच्या मंडळींबरोबर अनेकदा घरचा कुत्राही बोटीवर असतो, क्वचित मांजरही. अशा वेळी ‘बोटीवर प्राणी नेता येतो का?’ असे विचारले जाते आणि ‘येतो की!’ असे उत्तर मिळते. पण खरा पेच त्यापुढचा आहे. त्या दिवसाचा मार्ग, वेळ आणि थांबे कोणाच्या सोयीने ठरवायचे? आधी बरोबरच्या प्राण्याचे शरीर पाहावे, मग ज्या किनाऱ्यावर तो उतरणार तिथले जीव पाहावेत आणि आपली हौस शेवटी ठेवावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. याला कोणी हळवेपणा म्हणेल. पण शरीरशास्त्र, नौकानयन आणि हौराकीचा स्वतःचा इतिहास या तिन्ही वाटांनी गेले तरी हाच क्रम हाती लागतो.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण फसगत तिथेच होते. समुद्रावर वारा असतो, माणसाच्या अंगावरचा घाम वाळतो आणि गार वाटते. कुत्र्याला हा लाभ जवळजवळ मिळत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. अंगावर केस असतात, आणि शरीर थंड करण्याचे मुख्य काम जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने, म्हणजे धापा टाकून होते. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका उभा राहतो. हवा जितकी दमट तितके बाष्पीभवन मंद, आणि समुद्रावरची हवा दमटच असते. मे महिन्यातल्या मुंबईत धापा टाकणारे कुत्रे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाटच आखूड आणि चिंचोळी असल्याने त्यांची अवस्था लवकर बिघडते. त्यात बोटीच्या डेकवर सावली फिरती असते. दिशा बदलली की शिडाची सावली दुसऱ्या बाजूला जाते आणि आतापर्यंत आडोशाला पडलेला प्राणी उन्हात येतो. गडद रंगाचा डेक दुपारी पंजे भाजण्याइतका तापतो. म्हणून कापडी छत, भरपूर गोडे पाणी आणि दुपारी बारा ते तीन या वेळात नांगर टाकून थांबणे, या तीन गोष्टी प्राण्यासाठी गरजेच्या आहेत. पाण्याची तर दुहेरी निकड असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेला कुत्रा ते पिऊ लागला की जुलाब होतात, रक्तातले सोडियम वाढते आणि तहान आणखी भडकते.

दुसरी अडचण बोट लागण्याची. हा त्रास कमकुवत स्वभावाच्या प्राण्यांना होतो असा समज आहे. पण त्याचे मूळ आतल्या कानात, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात आहे. विसाव्या शतकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत दोन्ही बाजूंचे हे इंद्रिय निकामी केल्यावर झोके देऊनही त्यांना मळमळ होईना, यावरून ते स्पष्ट झाले. पिल्लांना त्रास जास्त होतो, पुष्कळदा वयाबरोबर तो कमी होतो. मात्र कुत्रा ‘मला मळमळतंय’ असे म्हणत नाही. तो ओठ चाटतो, पुन्हा पुन्हा जांभया देतो, लाळ गाळतो, जागा बदलत राहतो आणि मग कोपऱ्यात जाऊन गप्प बसतो. हे गप्प बसणे मालकाला बहुधा शहाणपणा वाटते आणि प्रवास चालू राहतो. यावर मॅरोपिटंट नावाचे पशुवैद्यकीय औषध आहे. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करते आणि निघण्याच्या सुमारे दोन तास आधी द्यावे लागते. म्हणजे धक्क्यावर पोचून आठवण झाली तर उपयोग नाही, आणि माणसांच्या गोळ्या अंदाजाने देणे तर धोक्याचेच. औषधापेक्षाही परिणामकारक उपाय मार्ग निवडण्यात आहे. हौराकीत उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापली की पुष्कळदा ईशान्येकडून सागरी वारा सुटतो आणि उघड्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी लवकर निघून वारा वाढण्याआधी बेटाच्या आडोशाला पोचणाऱ्या बोटीवरचा प्राणी यातल्या बऱ्याच त्रासातून आपोआप सुटतो.

तिसरा प्रश्न पायांखालच्या जमिनीचा. वाऱ्याच्या रोखाने तिरकी चढणारी शिडाची बोट सहज पंधरा-वीस अंश कलते. माणूस हाताने कठडा, दोर, डोलकाठी काहीतरी पकडतो. कुत्र्याला पकडायला हात नाहीत, आणि गुळगुळीत फायबरवर नखे रुतत नाहीत. दिशा पालटण्याचा क्षण जवळून पाहिला तर धोका लक्षात येतो. सुकाणूवरचा माणूस इशारा देतो, बोट वाऱ्याला छेदून वळते, पुढच्या शिडाचा दोर एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूने सपासप ओढला जातो, मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा डोक्यावरून पलीकडे जातो आणि काही सेकंदांत डेकचा उतार उलटा होतो. प्रत्येक माणूस आपापल्या कामात गुंतलेला असतो. वरच्या बाजूला निवांत पडलेला कुत्रा त्याच वेळी खालच्या बाजूला आलेला असतो, आणि त्याचा पाय धावत्या दोरात अडकू शकतो. म्हणून वळण्याआधी प्राणी कुठे आहे हे मोठ्याने विचारण्याची शिस्त चांगल्या बोटींवर असते. त्याला छातीपट्ट्याचा हार्नेस घालून डेकवरच्या आखूड दोराला अडकवतात, गळपट्ट्याला कधीच नाही. पडताना गळपट्ट्याने फास बसतो.

‘पण कुत्र्याला पोहता येतं की!’ हा आक्षेप इथे हमखास येतो. पाण्यात पडलेल्या कुत्र्याला पोहण्यापेक्षा मोठी अडचण बोटीवर परतण्याची असते. दहा मीटर लांबीच्या बोटीची कड पाण्यापासून साधारण मीटरभर उंच असते. तिथे ना पायरी ना पकड. शिवाय पाच नॉट वेगाने जाणारी बोट मिनिटाला सुमारे दीडशे मीटर पुढे जाते. शीड सोडून, वळून, परत यायला काही मिनिटे सहज लागतात, आणि अर्ध्या मीटरच्या लाटांत दीडशे मीटरवरून कुत्र्याचे डोके जेमतेम दिसते. भडक रंगाच्या, पाठीवर मजबूत मूठ असलेल्या लाइफ जॅकेटचा खरा उपयोग हा आहे. त्याने प्राणी दिसतो, दमत नाही आणि त्याला वर खेचून घ्यायला धरण्याजोगे काहीतरी हाताला लागते. कठड्याच्या तारांना खालपासून जाळी बांधली तर पडण्याची पाळीच बहुतेक येत नाही. आणि वारा वाढू लागताच शीड आखूड करून बोट कमी कलती ठेवली, तर कुत्र्याबरोबर लहान मूल, वडीलधारी माणसे आणि नवशिके प्रवासीही सुखी होतात. प्राण्यासाठी घेतलेली खबरदारी आणि मुरलेल्या नाखव्याची सावधगिरी यांत अंतर फार थोडे आहे.

यानंतर हिशोब येतो तो नैसर्गिक विधींचा, आणि नकाशावर किती लांब जायचे हे खरे तोच ठरवतो. नीट सवय लावलेला घरगुती कुत्रा ‘घरात’ घाण करत नाही, आणि त्याच्या लेखी बोट म्हणजे घरच. काही कुत्री डेकवर विधी करायला साफ नकार देऊन तासन् तास कळ सोसतात. कृत्रिम गवताचा तुकडा आधी काही आठवडे अंगणात वापरून, त्याला ओळखीचा वास लागू देऊन मग बोटीच्या नाळेकडे अंथरला तर अनेक कुत्री शिकतात. कोपऱ्यात दोर बांधला की तो तुकडा समुद्रात बुडवून धुताही येतो. पण जे शिकले नाही त्याच्यासाठी अंतर मर्यादित ठेवावेच लागते. ऑकलंडच्या शहरी धक्क्यापासून वायहेके बेटाच्या पश्चिम टोकावरचा माटियाटिया धक्का सुमारे साडेएकवीस किलोमीटर, म्हणजे साडेअकरा सागरी मैलांच्या आसपास आहे. पाच नॉट वेगाने सरळ जाता आले तर दोन तास वीस मिनिटे लागतात. वारा समोरून असेल तर बोटीला नागमोडी जावे लागते, अंतर चाळीसेक टक्क्यांनी वाढते आणि तोच प्रवास सव्वातीन तासांवर जातो. त्यात नांगर टाकणे, छोटी होडी उतरवणे, कुत्र्याला तिच्यात घेणे आणि वल्हवत किनारा गाठणे धरले तर चार तास होतात. प्रौढ, निरोगी कुत्र्याला हे झेपते. म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा पिल्लाला नाही. नकाशावर ‘जवळचे’ दिसणारे बेट वाऱ्याच्या एका बदलाने आवाक्याबाहेर जाते ते असे. त्यामुळे वाटेत थांबायला दुसरी जागा ठरवूनच निघायला हवे.

आणि इथेच हौराकीतला सगळ्यात कठोर नियम आडवा येतो. वाटेत बेटे पुष्कळ, पण त्यांतल्या अनेकांवर कुत्रा उतरवता येत नाही. रांगिटोटो, मोटुटापू, मोटुइहे, टिरिटिरी माटांगी ही बेटे उंदीर, स्टोट, मांजरे अशा उपद्रवी सस्तन प्राण्यांपासून मुक्त केलेली आहेत. रांगिटोटो आणि मोटुटापू ही जोडबेटे २०११ मध्ये उपद्रवमुक्त जाहीर झाली आणि त्यानंतर तिथे टाकाहे आणि टिएके हे दुर्मीळ पक्षी सोडण्यात आले. टिरिटिरी माटांगीवर १९८४ पासून दहा वर्षांत स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून अधिक झाडे लावून उजाड कुरणाचे जंगल केले. अशा बेटांजवळ नांगर टाका, पण कुत्रा बोटीवरच राहील, असा तिथला दंडक आहे. तो जाचक वाटण्याआधी न्यूझीलंडचा भूतकाळ ध्यानात घ्यायला हवा. माणूस येण्यापूर्वी तिथे वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. वासाने माग काढणारा शत्रू पक्ष्यांना ठाऊकच नव्हता, म्हणून अनेकांनी उडणे सोडले, जमिनीवर घरटी केली आणि धोका दिसताच निश्चल उभे राहण्याची सवय लावून घेतली. ससाण्यापुढे ही युक्ती चालते, नाकाने शिकार करणाऱ्यापुढे नाही. किवीला तर उडणाऱ्या पक्ष्यांसारखे छातीचे भक्कम हाड आणि स्नायू नसतात. कुत्र्याने खेळकरपणे तोंडात धरले तरी बरगड्या चिरडून तो मरतो. कुत्रा स्वभावाने गरीब आहे की रागीट, हा मुद्दाच तिथे लागू पडत नाही.

‘एक कुत्रा दहा मिनिटे पळून आला तर असे काय बिघडते?’ याला न्यूझीलंडकडे थेट उत्तर आहे. १९८७ मध्ये वायटांगीच्या जंगलात किवींचा अभ्यास चालू असताना रेडिओ लावलेले पक्षी एकामागून एक मेलेले सापडू लागले. निम्म्याहून अधिक गेले. शेवटी एक भटकी जर्मन शेफर्ड कुत्री सापडली. सुमारे नऊशे किवींपैकी तिने काही आठवड्यांत पाचशेपर्यंत मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही हानी काही आठवड्यांची आणि रानातली, हे खरे. पण किनाऱ्यावर दहा मिनिटेही पुरतात. तूतुरीफाटू, म्हणजे न्यूझीलंडची टिटवीच्या कुळातली छोटी डॉटरेल, भरतीच्या रेषेच्या जरा वर वाळूत नुसता खळगा करून अंडी घालते. अंडी वाळूच्याच रंगाची, त्यामुळे माणसाला पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. कुत्रा जवळ आला की आई पंख मोडल्याचे सोंग करत त्याला दूर नेते, आणि तेवढ्या वेळात उघडी अंडी उन्हात तापतात किंवा गार पडतात. या पक्ष्यांची एकूण संख्या अडीच हजारांच्या घरात असताना अशा दहा मिनिटांची किंमत रोजच्या बोटींच्या संख्येने गुणून पाहायला हवी. शिवाय कुत्रा एकटा येत नाही. त्याच्या पंजांना लागलेल्या चिखलातून कौरी वृक्षांची मुळे कुजवणाऱ्या रोगाचे जंतू पसरू शकतात, आणि केसांतून तणांची बीजे येतात. बोटीच्या नांगराबरोबर काउलेर्पा हे परके समुद्रशैवाल पसरू नये म्हणून काही ठिकाणी नांगर टाकण्यावरच निर्बंध घालावे लागले; ते २०२१ मध्ये आओटेआ, म्हणजे ग्रेट बॅरियर बेटापाशी सापडले होते. पाणवाटेने माणसाबरोबर काय काय येते याचा अनुभव या देशाने भरपूर घेतला आहे.

इतिहासाचा आधार घेऊन वेगळा आक्षेपही घेता येईल. शिडाच्या जहाजांवर शतकानुशतके मांजरे आणि कुत्री राहिलीच की! दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचा ट्रिम हा बोका १७९९ मध्ये जहाजावरच जन्मला, पाण्यात पडल्यावर दोराला धरून वर चढला, १८०१ ते १८०३ मध्ये फ्लिंडर्सबरोबर ऑस्ट्रेलियाभोवती फिरला आणि जहाज फुटल्यावरही वाचला. पण हा पुरावा एकतर्फी आहे. जे तगले त्यांचे पुतळे झाले, बुडालेल्यांची नोंद कुणी ठेवली नाही. खुद्द ट्रिमही फ्लिंडर्स मॉरिशसला कैदेत असताना १८०४ मध्ये नाहीसा झाला. ध्रुवसंशोधक शॅकल्टनच्या एन्ड्युरन्स जहाजावरच्या मिसेस चिपी या बोक्याला १९१५ मध्ये जहाज बर्फात सापडल्यावर गोळी घालण्यात आली. ती जहाजे मोठी होती, त्यांच्या पोटात उंदीर आणि आडोसा दोन्ही होते. आजच्या दहा मीटरच्या बोटीवर यांतले काहीच नाही. आणि जहाजावरची मांजरे जिथे उतरली तिथे त्यांनी काय केले, हेही त्याच इतिहासात आहे. न्यूझीलंडच्या स्टीव्हन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजरे पोचली आणि तिथला उडता न येणारा चिमुकला लायल्स रेन हा पक्षी बघता बघता नामशेष झाला. दीपगृहाच्या एकाच मांजराने तो संपवला अशी कथा सांगितली जाते; खरे तर मांजरे अनेक होती. मांजराबद्दल माझा निष्कर्ष त्यामुळे अधिक कडक आहे. ते विधींसाठी किनाऱ्यावर न्यावे लागत नाही, वाळूची पेटी पुरते. म्हणून बोटीवर न्यायचेच असेल तर ते बोटीवरच राहिले पाहिजे. आणि ज्या मांजराला घराबाहेरचा आवाजही सोसत नाही त्याला एका दिवसाच्या हौसेसाठी हलवू नये.

म्हणजे कुत्रा हा बेटांचा वैरीच, असे मात्र ठरत नाही. १८९४ पासून रिचर्ड हेन्री हा गृहस्थ न्यूझीलंडच्या नैऋत्य टोकाला डस्की साउंड या खाडीत राहिला. छोट्या होडीतून तो किनाऱ्या-किनाऱ्याने फिरे, तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याकडून काकापो आणि किवी हुडकून घेई आणि ते पक्षी उचलून रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडी. अशा रीतीने त्याने पाचशेहून अधिक पक्षी हलवले. पुढे १९०० मध्ये स्टोट पोहत त्या बेटावर पोचले आणि मेहनत वाया गेली. पण कुत्र्याच्या नाकाचा उपयोग संरक्षणासाठी होतो हे त्याने दाखवून दिले. आज न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षित कुत्री किवींची घरटी हुडकतात आणि बेटांवर चुकून शिरलेल्या उंदरांचा माग काढतात. सामान्य कुत्र्याला ज्या बेटावर मनाई आहे तिथे ही कुत्री जातात. फरक जातीचा नसून शिक्षण, मुसके आणि सोबतच्या माणसाच्या हेतूचा आहे. हौराकीत बोटीवरून कुत्रा नेणाऱ्याकडून अपेक्षा त्याच जातीची, फक्त साधी आहे: निघण्याआधी पंजे आणि केस स्वच्छ करणे, जिथे परवानगी आहे तिथेच आणि दोरीवरच उतरवणे, किनाऱ्यावरच्या हंगामी वेळा पाळणे.

शेवटचा आक्षेप दोन टोकांकडून येतो. एक म्हणतो, इतके सांभाळायचे तर प्राणी घरीच ठेवा. दुसरा म्हणतो, इतके सांभाळायचे तर यात सागरसफरीची मजा ती काय उरली? पहिल्याचे म्हणणे काही प्राण्यांबाबत पूर्ण बरोबर आहे: म्हातारा, हृदयविकाराचा, चपट्या नाकाचा, प्रत्येक वेळी बोट लागणारा. पण निरोगी कुत्र्याला बंद घरात दहा तास एकटे ठेवणे हाही त्याच्या मनाविरुद्ध घेतलेला निर्णयच असतो. त्याला निवड करता येत नाही, म्हणून ती त्याच्या देहाकडे पाहून करण्याची जबाबदारी मालकावर येते. न्यूझीलंडचा १९९९ चा प्राणीकल्याण कायदाही प्राण्याच्या शारीरिक आणि वर्तनविषयक गरजा भागवण्याचा भार मालकावरच टाकतो. दुसऱ्याला उत्तर द्यायला नौकानयनाचाच नियम पुरेसा आहे. चांगला तांडेल बोटीवरच्या सर्वांत कच्च्या माणसाला झेपेल असाच दिवस आखतो, आणि तरी त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. दहा मैलांचे, सकाळचे, आडोशाने जाणारे अंतर हेही शिडानेच कापायचे असते, वारा आणि भरती-ओहोटी तिथेही ओळखावी लागते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर कुत्रीही असतात. म्हणून गावकरी आणि कार्यकर्ते अंडी उचलून कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात. उद्या हौशी शिडाच्या बोटी मुंबईहून दक्षिणेकडे उतरू लागल्या, तर त्यांच्याबरोबर घरची कुत्रीही याच वाळूवर येतील, आणि कासवांच्या अंडी घालण्याचे नि पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस नेमके हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे, म्हणजे समुद्र शांत असण्याचे आहेत. न्यूझीलंडने बेटांचे नियम पक्षी गमावल्यानंतर केले. आपल्याकडे कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या महिन्यांत, कुत्रा दोरीवर की बोटीवरच, हे ठरवायला अजून वेळ आहे आणि ठरवण्याइतकी माहिती गावांकडे आहे. धक्के बांधण्याच्या आराखड्यातच हा नियम लिहिला, तर बोटवाल्यांना मार्ग आखणे सोपे जाईल आणि किनारा राखणाऱ्यांना त्यांच्याशी भांडावे लागणार नाही.